भाच्याच्या चिप कंपनीला पुरस्कार मिळाला, म्हणजे नेमकं काय झालं?

वाघूरकाठ | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, नमस्कार.

माझ्या बहिणीचा मुलगा यावल तालुक्यातला. इंजिनिअरिंग जळगावलाच केलं, पुढे बाहेर शिकला, काही वर्षं बंगळुरूला एका परदेशी कंपनीत चिप डिझाइनचं काम केलं आणि आता दोन मित्रांना घेऊन पुण्यात स्वतःची कंपनी काढली. दहा-बारा जणांचं ऑफिस. गेल्या आठवड्यात या क्षेत्रातल्या एका उद्योगसंघटनेने त्यांना उदयोन्मुख सेमीकंडक्टर स्टार्ट-अप म्हणून पुरस्कार दिला. नावं टाकत नाही, भाच्याने बजावून सांगितलंय.

तेव्हापासून फोन थांबत नाही. गावात चौकात बॅनर लागलंय, त्यात भाच्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. एका पेपरात आलं, 'खान्देशच्या सुपुत्राने बनवली मोबाईलची चिप'. मोबाईलचा काही संबंध नाही. समाजाच्या मंडळाने सत्काराची तारीख परस्पर काढली. एका पुढाऱ्यांनी तर विचारलं, कारखाना इकडे कधी टाकताय, जागेचं आपण बघू.

आणि खुद्द भाचा म्हणतो, "मामा, पुरस्काराचा आनंद आहेच, पण अजून एकही गिऱ्हाईक पक्कं नाही."

मी सगळी नोकरी बँकेत काढली, यातलं मला ओ की ठो कळत नाही. चिप शेतातल्या मोटारीसाठी आहे, करंट-व्होल्टेज मोजून मोटार जळण्यापासून वाचवायची, एवढं समजलं. पण गिऱ्हाईक नसताना पुरस्कार दिला कशाचा? आणि दहा माणसांच्या ऑफिसात चिप 'बनवली' म्हणजे काय केलं? जाणकारांनी सांगावं.

केळीबाग | शनिवार, रात्री ९:४०

अभिनंदन भो मामा! बाकीचं राहू द्या, मोटारीचं काम हातात घेतलं हेच लई झालं. आमच्या रावेर भागात ऐन उन्हाळ्यात, बाग निसवणीला आलेली असताना बोरमधली पाणबुडी मोटार जळाली की काय होतं ते ज्याचं जळतं त्यालाच माहीत. मोटार वर काढा, वायंडिंग भरायला टाका, परत सोडा, तोवर घड बारीक पडतो. लाईट रात्रीची, त्यात एखादा फेज कधी जाईल नेम नाही.

चिपची किंमत किती आणि कुठं मिळंल?

बोरीकाठ | शनिवार, रात्री १०:०५

अभिनंदन. अमळनेरकर म्हणून एवढंच सांगतो, भाच्याला म्हणा शेअर काढशील तेव्हा आधी गावाला विचार. :)

टेपआउट | रविवार, सकाळी ७:५०

मूळ चोपड्याचा, बरीच वर्षं अ‍ॅनालॉग डिझाइनमध्ये आहे, म्हणजे करंट-व्होल्टेजसारखे सतत बदलणारे सिग्नल हाताळणाऱ्या चिपच्या कामात. काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

चिप कंपन्या ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या. काहींचा स्वतःचा कारखाना असतो, त्याला फॅब म्हणतात. बाकीच्या फॅबलेस, म्हणजे डिझाइन आपलं आणि उत्पादन दुसऱ्याच्या फॅबमध्ये. १९८७ साली तैवानमध्ये टीएसएमसी सुरू झाली आणि 'आम्ही फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवून देऊ' हा धंदा तिने उभा केला. तेव्हापासून दहा-बारा माणसांचं ऑफिससुद्धा चिप कंपनी होऊ शकतं. भाच्याची कंपनी या तऱ्हेची. पुढाऱ्यांना सांगा, जागा नको, दोन-तीन चांगले अ‍ॅनालॉग इंजिनिअर मिळवून द्या.

सर्किट काढायचं, संगणकावर सगळ्या तापमानांना नि व्होल्टेजला चालवून बघायचं, लेआउट करायचा आणि अंतिम फाइल फॅबकडे पाठवायची. या पाठवण्याला टेपआउट म्हणतात. नवी कंपनी पहिल्या खेपेला पूर्ण वेफर (सिलिकॉनची चकती, जिच्यावर चिप छापतात) घेत नाही, परवडतच नाही. फॅबवाले अनेकांची डिझाइन एकाच मास्क-संचावर (चिपचा नकाशा छापायच्या साच्यांवर) बसवतात आणि खर्च वाटून जातो. त्याला शटल म्हणतात. काही महिन्यांनी थोडे तुकडे हातात येतात. तोवर पगार, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअरची लायसन्स, सगळं चालू. आलेला तुकडा चालला नाही तर उघडून दुरुस्त करता येत नाही. डिझाइन सुधारा, पुन्हा टेपआउट, पुन्हा थांबा, पुन्हा पैसे. मोठमोठ्या कंपन्यांची पहिली चिपसुद्धा कधीकधी अशी कचऱ्यात जाते.

त्यामुळे पहिल्या टेपआउटमधली चिप टेबलावर ठरल्याप्रमाणे चालली, तर आमच्या लाइनमधला माणूस मान डोलावतोच. पुरस्कार बहुधा त्याचा आहे. गिऱ्हाईक ही पुढची पायरी, आणि तिला वेळ लागतो.

नोड, म्हणजे चिपवरचं कोरकाम किती बारीक याचं ढोबळ माप, कोणता ते विचाराल का? १८० नॅनोमीटर असेल असा अंदाज.

वाघूरकाठ | रविवार, सकाळी ९:३०

विचारलं. १८०च आहे. तो म्हणाला, "कोणीतरी माहितगार दिसतोय." पण मोबाईलमध्ये तीन-चार नॅनोमीटरच्या चिप येतात म्हणे, मग आपली १८० म्हणजे जुनाट नाही का? व्याह्यांनी हाच प्रश्न विचारून जरा तोंड वाकडं केलं.

टेपआउट | रविवार, सकाळी ११:१५

व्याह्यांना सांगा, लहान नोड हवा असतो अंकांच्या आकडेमोडीला, जिथे एका चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर कोंबायचे असतात. भाच्याच्या चिपचं काम वेगळं. सीटीमधून (करंट मोजायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून) येणारा बारीकसा सिग्नल अचूक मोजायचा, बाजूला एवढी मोटार सुरू-बंद होत असताना. असल्या कामाला १८० उत्तम. जास्त व्होल्टेज सोसतो, वागणूक ओळखीची असते, मास्कचा खर्च लहान नोडच्या मानाने फारच कमी. आपलं मोहालीचं सेमीकंडक्टर लॅबोरेटरीचं फॅब १८० वरच चालतं. इस्रोसाठी केलेला विक्रम ३२०१ प्रोसेसर तिथेच झाला, २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीत दाखवला होता तो.

पांझरा | रविवार, दुपारी १२:४०

धुळ्याहून. पेशाने सीए, त्यामुळे जरा थंड पाणी ओततो, राग मानू नये.

पुरस्कारांचा बाजार मोठा आहे. माझ्या अशिलांना महिन्यातून एखादी तरी ईमेल येते, 'आपली निवड झाली आहे, ट्रॉफी आणि टेबलचं शुल्क अमुक'. पैसे भरले की 'वर्षातील सर्वोत्कृष्ट' हातात. तेव्हा पहिलं बघायचं ते हे की प्रवेश-शुल्क होतं का, परीक्षक कोण होते, आणि त्यांनी चिप पाहिली की नुसतं सादरीकरण.

दुसरं, लोक तीन गोष्टींची मिसळ करतात. केंद्र सरकारची स्टार्ट-अप म्हणून मान्यता ही ऑनलाइन अर्जावर मिळणारी नोंदणी, तिला पुरस्कार समजू नये. तिसरी गोष्ट सरकारी अर्थसाहाय्य. सेमीकंडक्टरसाठी डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींचा कार्यक्रम मंजूर झाला, त्यात डिझाइन कंपन्यांसाठी वेगळी प्रोत्साहन योजना आणली. पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत परतावा, एका अर्जाला कमाल १५ कोटी. शिवाय चिप विकली गेली तर पाच वर्षं निव्वळ विक्रीच्या ६ ते ४ टक्के, कमाल ३० कोटी. पण 'परतावा' हा शब्द नीट वाचा. आधी खिशातून घालायचे, मग मागायचे. लहान कंपनीचा जीव तिथेच जातो.

ट्रॉफीनं पोट भरस का भो?

टेपआउट | रविवार, दुपारी २:२०

पांझराभाऊ, पुरस्कारांच्या बाजाराबद्दल शंभर टक्के सहमत. पण या क्षेत्रात काही मान खरोखर जपून दिले जातात. ईई टाइम्स हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रकाशन २००४ पासून लक्ष ठेवण्याजोग्या नव्या चिप कंपन्यांची यादी काढायचं, आधी सिलिकॉन ६० नावाने, नंतर सिलिकॉन १००. ग्लोबल सेमीकंडक्टर अलायन्स नव्या कंपन्यांसाठी एक सन्मान देते. ही संघटना १९९४ मध्ये फॅबलेस कंपन्यांनीच काढलेली. आपल्याकडे आयईएसए ही या उद्योगाची संघटना २००५ पासून आहे. अशा ठिकाणी नाव आलं म्हणून कोणी ऑर्डर देत नाही. पण एखाद्या मोठ्या मीटर कंपनीच्या खरेदी खात्यात तुमची ईमेल उघडली जाते. नव्या कंपनीचा निम्मा वेळ ती उघडली जाण्यातच जातो, त्यामुळे मी याला कमी लेखत नाही.

आणि या देशातून याआधी माणसं वर गेली आहेत. बंगळुरूच्या कॉस्मिक सर्किट्सने २००५ मध्ये अ‍ॅनालॉगचंच काम सुरू केलं, २०१३ मध्ये केडन्सने ती विकत घेतली. रडारच्या चिप करणारी स्टेरेडियन २०२२ मध्ये रेनेसासकडे गेली. सांख्य लॅब्ज त्याच सुमारास तेजस नेटवर्क्सकडे. चेन्नईच्या माइंडग्रोव्हने आयआयटी मद्रासच्या आधाराने २०२४ मध्ये २८ नॅनोमीटरची चिप दाखवली. मला खटकतं ते वेगळंच. यातल्या बऱ्याच कंपन्या चांगलं दिसायला लागल्या की विकल्या जातात. संस्थापकांना दोष नाही, दुसरी-तिसरी चिप करायला धीर धरणारा पैसा इथे फार थोड्यांकडे आहे.

सुवर्णनगरी | रविवार, दुपारी ३:०५

जळगावात सराफी दुकान आहे, म्हणून माझ्या भाषेत विचारतो. दुकानाला चेंबरचा पुरस्कार मिळाला तर भिंतीवर लावतो, पण गिऱ्हाईक दागिना उलटा करून हॉलमार्क बघतो. चिपला हॉलमार्क असतो का?

टेपआउट | रविवार, दुपारी ३:५०

असतो, आणि तोच अवघड. त्याला क्वालिफिकेशन म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत एक चाचणी अशी: तीन वेगवेगळ्या लॉटमधून प्रत्येकी ७७ चिप घ्यायच्या, १२५ अंश तापमानात, वीज चालू ठेवून १,००० तास भाजायच्या. २३१ पैकी एकही बिघडता कामा नये. शिवाय गरम-थंड फेऱ्या, दमट हवेतली चाचणी, हाताच्या स्थिर विजेचा झटका.

इथे शटलवाली कंपनी अडते. शटलमध्ये मिळतात थोडे तुकडे, एकाच खेपेचे. तीन लॉट हवेत म्हणजे स्वतःचा मास्क-संच, पूर्ण वेफर, पॅकेजिंग, टेस्टिंगचा प्रोग्राम, सगळं आलं. पहिल्या टेपआउटपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा. गिऱ्हाईक म्हणतं आधी क्वालिफाय करा, गुंतवणूकदार म्हणतो आधी गिऱ्हाईक आणा. भाचा आज बहुतेक या दोघांच्या मध्ये उभा आहे.

वाघूरकाठ | रविवार, संध्याकाळी ५:३०

आता समजलं तो असा गप्प का असतो. त्याची आई म्हणते, सगळा गाव पेढे मागतोय आणि याचं तोंड उतरलेलं.

जंक्शन | रविवार, संध्याकाळी ६:१५

भुसावळ. रेल्वेतून निवृत्त, सिग्नल विभाग.

पुढाऱ्यांच्या कारखान्यावर थोडं अवांतर. दीपनगरचं वीज केंद्र उशाशी, तापी शेजारी, तरी इथे फॅब का होऊ शकत नाही असं आमच्या कट्ट्यावर कालच एकजण तावातावाने म्हणत होता. गुजरातेत धोलेऱ्याला टाटांच्या फॅबचं जे चाललंय त्याचा आकडा ९१,००० कोटी, क्षमता महिन्याला ५०,००० वेफर. असो, पैसा सोडा. डिसेंबर २०१० मध्ये जपानात योक्काइचीला तोशिबाच्या फॅबमध्ये ०.०७ सेकंद व्होल्टेज पडलं. सेकंदाचा चौदावा हिस्सा! तेवढ्याने पुढच्या दोन महिन्यांचा माल वीस टक्क्यांपर्यंत घटेल असं कंपनीला जाहीर करावं लागलं. आमच्याकडे पंखा हळू फिरायला लागला तरी कोणी मान वर करून बघत नाही.

डिझाइनला मात्र वीज कमी, डोकं जास्त. ते इथेही होईल.

सातपुडा_कन्या | रविवार, संध्याकाळी ७:००

नमस्कार, मी शहाद्याची, शिरपूरला तिसऱ्या वर्षाला आहे, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). धागा खूपच उपयोगी. एक विचारू का? आमच्या वर्गातल्या जवळपास सगळ्यांचा कल सॉफ्टवेअरकडे आहे. मला चिप डिझाइन आवडतं, पण सॉफ्टवेअर टूल्स इतकी महाग की घरी शिकता येत नाही असं सर म्हणतात. पुण्याला क्लास लावल्याशिवाय होणारच नाही का?

खडू_आणि_सर्किट | रविवार, रात्री ८:२५

बेटा, होतं. मी जळगाव जिल्ह्यात याच विषयाचा शिक्षक आहे.

तुझ्या कॉलेजला केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्ट-अप' कार्यक्रमात भाग आहे का ते विभागप्रमुखांना विचार. २०२२ पासून चालू आहे, ८५,००० जणांना तयार करायचं उद्दिष्ट. त्यातल्या कॉलेजांना बंगळुरूच्या सी-डॅकच्या चिप-इन केंद्रातून महागडी टूल्स दुरून वापरायला मिळतात. नसेल तर फुकटची टूल्स घे. एनजीस्पाइस, मॅजिक, केलेआउट. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या फॅबची सगळी माहिती खुली केली, तिच्यावर साध्या लॅपटॉपवर खरा लेआउट काढता येतो. टायनी टेपआउट नावाचा उपक्रम लहान डिझाइन एकत्र करून फॅबकडे पाठवतो. पैसे लागतात, पण चार जणांनी वर्गणी काढली तर जमावं.

क्लासवाल्यांबद्दल माझं मत बरं नाही. एक ऑपअँप (सिग्नल मोठा करणारं पायाभूत सर्किट) पूर्ण कर, लेआउटसकट, आणि मुलाखतीला तो घेऊन जा. आमच्या पोरांचं गणित चांगलं असतं, लिहिण्या-बोलण्यात बुजतात, आणि तिथे मागे पडतात.

वाघूरकाठ, सत्कार होणारच असेल तर शाल-श्रीफळ लवकर आटपा आणि भाच्याला तासभर आमच्या मुलांपुढे उभा करा. चिप आणि मोजमापाचा बोर्ड घेऊन या म्हणावं.

सातपुडा_कन्या | रविवार, रात्री ८:४०

खूप आभार सर. सत्कार जळगावात असेल तर मी येईन.

बोरीकाठ | रविवार, रात्री ९:१०

पांझराभाऊंच्या ट्रॉफीवरून. काल चेष्टा केली, आता नीट लिहितो. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला तेव्हा त्याच्यातून पुढे संगणकाची कंपनी होईल असं कोणाला वाटलं असेल? विप्रो ती. १९६६ मध्ये अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी कारभार हातात घेतला, आणि गावातल्या ज्यांनी शेअर विकले नाहीत त्यांची घरं आज ओळखू येतात. आमच्या आजोबांनी विकले. विषय संपला.

पांझरा | रविवार, रात्री ९:२५

बोरीकाठ, हे बराबर शे. पण न विकलेल्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. त्या काळात निघालेल्या नि बुडालेल्या तेलगिरण्यांच्या शेअरची रद्दी कोणी दाखवत नाही.

डीपी_उडाली | सोमवार, सकाळी १०:४५

उशिरा वाचला धागा. जळगाव एमआयडीसीत मोटार स्टार्टरची पॅनेल बनवतो, मोबाईलवर चालणारे ऑटो-स्टार्टर पण. भाच्याला जे गिऱ्हाईक पाहिजे ते माझ्यासारखं, म्हणून खरेदीदाराच्या बाजूने लिहितो.

पुरस्कार मी बघणार नाही. मला चार गोष्टी लागतात. डेटाशीट, ज्यात लिहिलेलं खरं असेल. सॅम्पल. नग किती आणि किती आठवड्यांत मिळेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाच वर्षांनी हीच चिप मिळेल का. माझं पॅनेल शेतात दहा-दहा वर्षं चालतं. दुरुस्तीला आलं आणि चिपची कंपनीच उरली नाही तर मी शेतकऱ्याला काय तोंड दाखवू?

हे मी उगाच म्हणत नाही. २०२१ मध्ये चिपचा दुष्काळ पडला तेव्हा साध्या मायक्रोकंट्रोलरला दलाल मागतील तो भाव द्यावा लागला, तरी माल नाही. कारागीर बसून. तेव्हापासून मी एकाच परदेशी मालावर अवलंबून राहत नाही. म्हणजे देशी चिपला माझं दार उघडं आहे. पण तिच्या पायांची, म्हणजे पिनांची, रचना मी आज वापरतो त्या चिपसारखीच असली तर. एकीच्या जागी दुसरी बसली पाहिजे, बोर्ड बदलायला लावू नका.

आता खटकणारी गोष्ट. टेबलावरची चाचणी मला पुरत नाही. आमचा पत्र्याचा डबा वैशाखात उन्हात उभा असतो, बाहेर ४५, आतलं विचारू नका. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर मोटार जादा करंट ओढते, ते काही सेकंदांत पकडून बंद करायचं. विहीर आटली की करंट उतरतो, तेही ओळखायचं. आणि आमचे शेतकरी काय करतात, तर एक फेज नसला की कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटार चालवतात! तेव्हा चिपला वाटणार बिघाड झाला, ती मोटार बंद करणार, शेतकरी चिडून माझा स्टार्टर काढून फेकणार. पुण्यातल्या पोरांनी हे बघितलंय का?

वाघूरकाठ | सोमवार, दुपारी १:१०

तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा भाच्याला पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. पुरस्काराच्या दिवशी एवढ्या उत्साहात बोलला नव्हता. म्हणाला, पायांची रचना प्रचलित चिपसारखीच ठेवली आहे. विहीर आटल्याचं ओळखते. कंडेन्सरचं मात्र त्यांच्या डोक्यातच नव्हतं. पण फेज गेल्यावर बंद करायचं की नाही हे बाहेरच्या कंट्रोलरच्या प्रोग्रामवर ठरतं, चिप फक्त मोजमाप देते, त्यामुळे ते पॅनेलवाल्याच्या हातात राहील. मूल्यमापनाचे बोर्ड आहेत थोडे, दोन देऊ शकतो. पैसे नकोत म्हणतो.

सत्काराची तारीख मंडळाने एप्रिलमध्ये काढली आहे, तेव्हा तो येईल. सरांना पण कळवतो.

डीपी_उडाली | सोमवार, दुपारी १:४०

फुकट नको. बिल करा, किंमत कमी लावा. फुकट आलेला बोर्ड माझ्याकडे कपाटात पडून राहतो, पैसे देऊन घेतलेला कामाला लागतो. आणि डिसेंबरात तपासून उपयोग नाही, एप्रिल-मे चांगला. कोणाच्या तरी चालू बोरवर लावू, माझ्या जुन्या स्टार्टरच्या शेजारी, दोन्हींची नोंद ठेवू.

टेपआउट | सोमवार, दुपारी २:०५

काका, ही नोंद तापमानासकट ठेवायला सांगा. एका उन्हाळ्याची शेतातली मोजमापं हातात असली तर क्वालिफिकेशनसाठी पैसे मागताना ती ट्रॉफीपेक्षा जास्त बोलतील. ट्रॉफीही सोबत न्यावी, दारावरचा माणूस तिच्याकडे बघून आत सोडतो.

केळीबाग | सोमवार, संध्याकाळी ६:५०

बोर आमची घ्या. साडेसात हॉर्सपॉवरची पाणबुडी आहे, व्होल्टेज पाहिजे तितकं खराब. पण मोटार जळाली तर भरायचे पैसे कोणाचे, ते आधी ठरवा.

डीपी_उडाली | सोमवार, संध्याकाळी ७:१५

माझे. पण तुमचा कंडेन्सर काढून माझ्याकडे जमा करायचा.

केळीबाग | सोमवार, संध्याकाळी ७:२०

तो तर शेजाऱ्याचा आहे.